सत्तावीस

बिरनाळे सर म्हणाले, आधी वाच.
काही शोधू नकोस, काही सिद्ध करू नकोस,
दिवाळीपर्यंत नुसतं वाच
आणि काय वाचलंस ते दर शनिवारी येऊन सांग.
एम.एस्सी. भाग दोनला आम्ही चौघं,
स्वतंत्र अभ्यासाचा पेपर घेणारी मी एकटी.
म्हणून शनिवारी फळ्यासमोर बाक एक, खडू एक,
आणि सरांच्या डब्यातली अर्धी पोळी माझी.

विषय सांगायला सोपा.
पाच किलोची मापं हवी तितकी,
आठ किलोची हवी तितकी,
तर कुठलं वजन कधीच होत नाही?
सात होत नाही, बारा होत नाही,
एकोणीस, बावीस,
शेवटचं अडणारं सत्तावीस.
त्याच्या पुढचं सगळं होतं.
दोन मापांचं सूत्र शाळकरी पोरही पाठ करेल,
तिसरं माप आणलं की सूत्र हातात राहत नाही.
माझं वाचन त्या तिसऱ्या मापाचं.

आप्पा मार्केट यार्डात तोलाईदार.
हळदीच्या हंगामात त्यांची नखं जेवणातही पिवळी.
त्यांना विचारलं, तर घास थांबला.
"सत्तावीस व्हत न्हाई? कोण म्हणतंय?
आठाची चार एका पारड्यात,
पाचाचं एक मालाच्या अंगाला. झालं की!"
मी म्हटलं, आमच्यात वजाबाकी चालत नाही.
"मग तुमचा तराजू एकाच पारड्याचा हाय व्हय?"
ते ऐकून सर पहिल्यांदा मोठ्यांदा हसले.
म्हणाले, प्रस्तावनेत घाल हे. नाव घालून घाल.

मग वाचत गेले.
हा निबंध म्हणतो, यासाठी सातवा संदर्भ पाहा.
सातवा म्हणतो, हे सर्वांना ठाऊक आहे, दुसरा पाहा.
दुसरा रशियन. तळाशी सारांश चार ओळींचा,
त्यातली चौथी ओळ आणखी कुणाकडं बोट दाखवते.
खेड्यात पत्ता विचारावा तसं:
असंच सरळ जावा, पिंपळापाशी कुणालाबी विचारा.
पिंपळापाशी कुणीच नाही.

शेवटचा पत्ता निघाला आमच्याच ग्रंथालयात.
चौऱ्याहत्तर सालचा खंड, तळमजला, मागची भिंत,
जिथं एकोणीसच्या पुराची रेघ माझ्या खांद्याला लागते.
रंगारी आला तेव्हा आत्तारमामांनी
तेवढी पट्टी रंगवू दिली नव्हती.
"तेरा दिवस उन्हात ठेवलंय ह्याला," ते म्हणाले,
"पण पानं हट्टी हायती."
एकशे बारा आणि एकशे तेरा एकजीव झालेली,
मधे कृष्णेचा गाळ, वाळलेल्या सायीएवढा.
कँटीनच्या किटलीवर वाफ दिली, स्टीलची पट्टी सरकवली,
मामा श्वास धरून उभे.
सुटलं.
प्रमेय होतं. खाली 'सिद्धता' होतं.
त्याखाली एक ओळ: हे उघड आहे.
आणि मग तो छोटा काळा चौकोन,
ज्याच्यावर वीस निबंध आणि तीन भाषा उभ्या.

असेल उघड. मला नव्हतं.

अकरा रात्री गेल्या.
आप्पा पाणी प्यायला उठत, दिवा बघत,
काही न बोलता परत जात.
एकदाच दारातून म्हणाले,
"झालं का गं सत्तावीस?"
मी मान हलवली. कुठल्या दिशेनं, आठवत नाही.

शनिवारी चार पानं सरांपुढं ठेवली.
त्यांनी चष्मा पुसला, तांबडं पेन खिशातच ठेवलं,
पहिलं पान, दुसरं,
तिसऱ्यावर सहाव्या ओळीशी बोट थांबलं.
"इथं 'उघड आहे' का लिहिलंयस?"

मी वाकून बघितलं.
अक्षर माझंच होतं.

डबा अजून उघडला नव्हता.
मी खडू घेतला.